डॉक्टर ताबिश यांचे बरे झालेले पेशंट

रविवारी सकाळी डॉक्टर ताबिश यांनी आपली गाडी स्वतःच्या हाताने पुसली. समोरच्या दुकानदाराने हे पाहिलं आणि त्याला वाटलं, डॉक्टरांकडे लग्नबिग्न निघालं की काय. तसं काही नव्हतं. आज त्यांना आपले बरे झालेले पेशंट दाखवायला जायचं होतं, एवढंच. पण आपलं काम दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की या माणसाला तहानभूक आठवत नसे. नाश्ता तसाच टेबलावर ठेवून ते खाली आले होते.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे तोंडाच्या कॅन्सरच्या सर्जनला कामाचा तोटा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे म्हातारे खातात, तरणे खातात, आणि लग्नात जेवण जरा कमी पडलं तर एकवेळ चालतं, पण खर्रा कमी पडला तर व्याही रुसतात. डॉक्टर ताबिश याच भागातले. मुंबईत शिकून परत आले, चंद्रपुरात स्वतःचा दवाखाना काढला आणि एका ऑपरेशनसाठी नावाजले गेले. गाठ जबड्याच्या जवळ आली की दुसरे सर्जन जबड्याचा तेवढा तुकडाच कापून काढत. ताबिश हाडाची फक्त वरची कड तासत आणि खालची पट्टी शाबूत ठेवत. चेहरा आत बसत नाही, माणूस चावून जेवतो, चारचौघांत बसतो.

‘‘माझ्या हातचे शंभरातले नव्वद लोक आज ठणठणीत हायेत,’’ ते छाती पुढे काढून सांगत. पुढच्या महिन्यात नागपूरच्या परिषदेत हेच सांगायला ते उभे राहणार होते.

हा नव्वदचा आकडा त्यांनी स्वतः काढला होता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. दर सहा महिन्यांनी ते एकेका पेशंटच्या घरी जातीने फोन लावत. नर्सला नाही, कंपाउंडरला नाही, कुणाला ते काम देत नसत. ‘‘बरे हात ना?’’ असं विचारत, आणि तिकडून ‘‘बरं हाय जी’’ आलं की त्यांचा दिवस चांगला जाई. जे फोन उचलत नसत, त्यांनाही ते बऱ्यांतच धरत. त्रास असता तर धावत आले नसते का?

आता यात चूक कुठे आहे ते तुम्हाला-मला कदाचित लगेच दिसेल, पण स्वतःवर खूश असलेल्या माणसाला ते दिसत नाही.

गाडीत त्यांच्याशेजारी बसली कमरजहाँ. तिचा नवरा रफीक म्हणजे नगीना ब्रास बँडचा मास्तर. त्याच्या ट्रंपेटशिवाय चंद्रपूर-बल्लारपुरात वरात निघाली तर लोक म्हणत, यांनी पाव्हण्यांना फसवलं. या रफीकला खालच्या दाढेमागे, हिरडीला लागून गाठ आली होती. सोमवारी सकाळी त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. जबडा गेला तर बाजाही गेला, म्हणून ताबिश यांच्या नव्वदावर विश्वास ठेवून तो खुशीने तयार झाला होता. आज संध्याकाळी बल्लारपुरात ऑपरेशनआधीची शेवटची वरात वाजवायला तो सकाळीच गेला होता.

कमरजहाँचं मात्र समाधान झालं नव्हतं. ती बांगड्यांचं दुकान चालवत होती. बांगडी हातात चढून नीट बसल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला उठू देत नसे, आणि डॉक्टरांनाही तिने तसंच पकडलं होतं.

‘‘डॉक्टरसाहेब, तुमी म्हणता नव्वद. मले नव्वद नाई पाह्यचे. चार दाखवा. जबडा वाचवलेला माणूस पोळी कसा तोडते, हे मले माझ्या डोळ्यानं पाह्यचं हाय.’’

‘‘चार काऊन भाभी, चाळीस दाखवतो!’’

दुसरा डॉक्टर असता तर रागावला असता. ताबिश यांना उलट आनंद झाला. त्यांनी शनिवारी बसून पेशंट निवडले आणि निवडले तेही कसे? जे फोनवर सगळ्यात प्रेमाने बोलले होते ते. ‘‘बरं हाय साहेब, पण एकदा घरी या जी. नक्की या,’’ असा ज्यांनी आग्रह केला होता ते. एवढ्या आग्रहाने बोलावतात म्हणजे किती बरं वाटत असेल, असा त्यांचा सरळ हिशेब. मूल, सावली, गडचिरोली, चामोर्शी असं फिरून आष्टी-गोंडपिपरीवरून संध्याकाळी थेट बल्लारपूर गाठायचं, असा मोठा फेरा त्यांनी आखला.

‘‘रफीकभाईले वरातीतच खुशखबर देऊ,’’ गाडी सुरू करताना ते म्हणाले.

पहिलं घर मूलच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. वारलूचं. वाटेत ताबिश यांनी वारलूची सगळी कथा रंगवून सांगितली. धानाचा शेतकरी, गाठ हिरडीला चिकटलेली, नागपूरवाल्यांनी जबडा काढायला सांगितला होता, आणि ताबिश यांनी तो वाचवला. ‘‘पाहा तुम्ही आता, कसा गडी हाय!’’

अंगणात चादरीवर मोहफुलं वाळत घातली होती. वारलूची बायको शकुबाई गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली, डॉक्टरांना पाहिलं आणि लगबगीने खाट टाकली.

‘‘वारलूभाऊ कुठी? धानाच्या बांधीत गेले का?’’ डॉक्टर बसायच्या आधीच विचारू लागले.

‘‘बसा जी. पाणी घ्या आधी.’’

‘‘पाणी घेतो, पण त्यांना बोलवा. या भाभीले दाखवायचे हायेत ते.’’

‘‘घ्या जी पाणी.’’

कमरजहाँने गुपचूप गडवा घेतला. डॉक्टरांनी उभ्या उभ्या दोन घोट घेतले. शकुबाई म्हणाली, ‘‘बसून प्या साहेब.’’ तिच्या आवाजात काहीतरी होतं. ताबिश बसले. त्यांनी सगळं पाणी संपवेपर्यंत शकुबाई थांबली. मग ती खाली जमिनीवर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, ‘‘ते गेले जी. मागच्या दिवाळीच्या आधी. गाठ तिथीच पुन्हा आली होती.’’

डॉक्टरांनी रिकामा गडवा खाली ठेवला.

‘‘पण... मी संक्रांतीले फोन केला होता. तुम्हीच उचलला. बरं हाय म्हणाल्या.’’

‘‘तुमी इच्यारलं, बरे हात ना. आमी लेकरंबाकरं बरे होतो.’’ शकुबाई त्यांच्याकडे असं बघत होती जणू तीच त्यांची समजूत घालत होती. ‘‘मेल्याची गोष्ट फोनवर कशी सांगाव जी? तुमी तिकडं उभे, हाताखाली कोणाचं ऑपरेशन असन. आमच्याकडं अशी गोष्ट माणसाले बसवून, पाणी पाजून सांगतेत. नाईतं ऐकणाऱ्याच्या जिवाले घोर लागते. म्हणून तं तवाच म्हटलं, घरी या. तुमी आलेच नाई.’’

दोघं परत गाडीत बसली. वारलू गेला याचं ताबिश यांना दुःख होतंच, आणि खरं सांगायचं तर त्याहूनही जास्त लाज वाटत होती, शेजारी कमरजहाँ बसलेली असताना. ‘‘एखादा जातो भाभी,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘शंभरात दहा मी धरलेच हायेत ना.’’

‘‘वारलूभाऊ त्या दहात होते का?’’

वारलू नव्वदांत होता.

सावलीच्या अलीकडे मुखरूचं घर. मुखरू जिवंत होता. दारातूनच डॉक्टरांना हे कळलं आणि त्यांना हायसं वाटलं, पण मुखरूची मुलगी पुनम दाराला हात लावून उभी होती आणि त्यांना आत जाऊ द्यायला तयार नव्हती.

‘‘बाबा झोपून हायेत.’’

‘‘मग उठव ना बाई. मी आलो म्हणून सांग.’’

‘‘तुमी आले म्हणूनच उठून नाई राह्यले.’’

आतल्या अंधारात कुणीतरी चादर तोंडावर ओढून घेतल्याचं दिसलं. ताबिश पुढे गेले, खाटेच्या कडेला बसले आणि चादर हळूच बाजूला केली. गाल टम्म सुजला होता आणि बाहेरून फुटला होता. डॉक्टरांनी असं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण स्वतः बरं केलेल्या माणसाच्या गालावर पहिल्यांदा पाहिलं.

मुखरू जेमतेम बोलू शकत होता. ‘‘साहेब, मी खर्रा पुन्हा सुरू केला होता,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी नको म्हटलं तरी. तुमचं काई चुकलं नाई जी. तुमचं ऑपरेशन चांगलंच झालं होतं. मीच बिघडवलं. तुमाले काय सांगू?’’

‘‘कधीपासून आली ही?’’

‘‘टाके काढले त्याच्या दोन-तीन महिन्यानं,’’ पुनम म्हणाली. ‘‘तवा खर्रा सुरूबी नव्हता केला. पण ते ऐकतच नाई.’’

ताबिश यांना मुखरूचं ऑपरेशन लख्ख आठवलं. तीच जागा. दाढेमागे, हिरडीला चिकटलेली गाठ. खर्ऱ्याने इतक्या लवकर काही होत नाही. हाडात काहीतरी मागे राहिलं होतं, त्यांच्याच हाताने. आणि हा माणूस आजार अंगावर काढून डॉक्टरांची बाजू सांभाळत बसला होता. ताबिश यांना रडू फुटेल असं वाटलं. त्यांनी मुखरूचा हात धरला, ‘‘चूक तुमची नाई मुखरूभाऊ, माझी हाय,’’ असं दोनदा सांगितलं, दुखणं थांबवायचं औषध लिहून दिलं आणि मंगळवारी गाडी पाठवून दवाखान्यात नेण्याचं कबूल केलं. मुखरूचा विश्वास बसला नाही. तो डॉक्टरांच्या मोठेपणालाच हात जोडत राहिला.

बाहेर येऊन ताबिश एका मोहाच्या झाडाखाली उभे राहिले आणि सकाळी खुशीत निघालेला हा माणूस एकदम घाबरला. ज्यांनी आग्रहाने घरी बोलावलं, ते सगळे त्यांना आठवू लागले. एक गोंडपिपरीचा. एक आरमोरीची बाई. सिरोंचाकडचे दोघे भाऊ. राजुऱ्याचा शिक्षक. किती प्रेमाने बोलावलं होतं सगळ्यांनी!

‘‘फोन द्या इकडं,’’ कमरजहाँ म्हणाली.

‘‘कोणाले लावता?’’

‘‘ज्यांनी ज्यांनी घरी बोलावलं त्यांना. तुमी बोलू नका. तुमचा आवाज ऐकला का ते बरंच हाय म्हणतेत.’’

तिने झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून मांडी घातली आणि पहिला नंबर लावला. डॉक्टरांसारखं ‘बरे हात ना’ तिने विचारलंच नाही. ‘‘बाई, मी चंद्रपूरहून कमरजहाँ बोलून राह्यली. माझ्या माणसालेबी तुमच्या माणसासारखीच गाठ हाय. उद्या ऑपरेशन हाय त्याचं. तुमच्या घरी काय झालं ते मले खरं सांगा. माझा माणूस जिता हाय अजून, म्हणून इच्यारते.’’

तिकडची बाई बोलू लागली. ती थांबेचना. जी गोष्ट डॉक्टरांना फोनवर सांगायला माणसं धजत नव्हती, ती एका बाईच्या नवऱ्याच्या जिवासाठी त्यांनी रीत मोडून सांगितली. काही जण तर म्हणाले, बरं झालं कोणी इच्यारलं. एक फोन संपला की कमरजहाँ डोळे पुसे आणि पुढचा लावी. ताबिश शेजारी उभे राहून फक्त एवढंच विचारत, ‘‘गाठ कुठी होती ते इच्यारा,’’ आणि उत्तर यायच्या आधीच त्यांना ते आठवत असे.

आणि मग डॉक्टरांच्या डोक्यात काहीतरी पेटलं. ते झाडाखाली येरझारा घालू लागले. वारलू, हिरडी. मुखरू, हिरडी. आरमोरीची बाई, हिरडी. राजुऱ्याचा शिक्षक, हिरडी. सिरोंचाचा थोरला भाऊ गेला, त्याची हिरडीला होती. धाकटा गोदावरीत पोहतो म्हणे, आणि त्याची गाठ गालात होती, हाडाला न लागलेली!

‘‘भाभी, चला! उठा उठा!’’

‘‘आता कुठी?’’

‘‘गडचिरोली. कांताबाईच्या घरी. तिची गालात होती. ती जिवंत असन तर... चला तुम्ही!’’

गाडी त्यांनी अशी हाकली की वैनगंगेच्या पुलावर कमरजहाँने दोन वेळा अल्लाचं नाव घेतलं. कांताबाईनेही फोनवर घरी बोलावलं होतं आणि आज तिचा फोन लागला नव्हता, म्हणून धाकधूक होतीच. पण ती अंगणातच होती. तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती, आणि शेजारणीशी भांडतही होती. ताबिश यांना पाहून तिने भांडण अर्ध्यात सोडलं. कमरजहाँने आल्या आल्या सांगितलं, ‘‘बाई, मले पोळी खाऊन दाखवा.’’ असं कुणी कधी कुणाला सांगितलं असेल का? पण कांताबाईने काहीही न विचारता सकाळची पोळी आणली, दोन्ही दाढांनी चावून खाल्ली आणि तोंड उघडून दाखवलं. ताबिश यांनी बोट घालून चाचपलं. स्वच्छ.

‘‘तुम्ही मले घरी काऊन बोलावत होत्या?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘पोरीचं लगन होतं जी!’’

ताबिश इतके हसले की कांताबाईला वाटलं डॉक्टरांना ऊन लागलं. भर उन्हात, घामाने शर्ट चिकटलेला, सकाळपासून पोटात काही नाही, हातून माणसं गेल्याचं कळलेलं, आणि तरी त्यांचा आनंद मावत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी खरं कळत होतं. ऑपरेशन वाईट नव्हतं. ते कुणासाठी करायचं आणि कुणासाठी नाही, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण सगळेच बरे आहेत असं ते धरून चालले होते.

चामोर्शीच्या वाटेला लागल्यावर कमरजहाँने शांतपणे म्हटलं, ‘‘माझ्या मालकाची गाठ हिरडीले हाय.’’

‘‘हो.’’

‘‘मग ज्यांचा जबडा काढला त्यांचं काय झालं?’’

‘‘ते मी मोजले नाई. ते माझं रोजचं ऑपरेशन, त्यात नवीन काय सांगायचं? इथूनच जवळ एक जंगू होता. मोठी गाठ, जबडा काढावाच लागला. पुन्हा तोंड दाखवायले आला नाई. फोनबी लागत नाई. गेला असन.’’

‘‘कोणी सांगतलं?’’

‘‘कोणी नाई.’’

कमरजहाँ सीटवर वळून बसली. ‘‘म्हणजे तुमच्या आवडीच्या ऑपरेशनवाल्यानं फोन नाई उचलला तं तो बरा. अन् नावडीच्यानं नाई उचलला तं तो मेला. हा कोणता हिसाब झाला डॉक्टरसाहेब?’’

ताबिश यांनी गाडी बाजूला घेतली. या एका प्रश्नाने त्यांना जेवढं लागलं, तेवढं परिषदेतल्या कुठल्याच म्हाताऱ्या प्रोफेसरच्या प्रश्नाने कधी लागलं नव्हतं.

‘‘चला,’’ ते म्हणाले. ‘‘जंगूचं गाव शोधू.’’

गाव सापडलं, घर सापडलं, घरात कुणी नव्हतं. तळ्यावर गेला आहे, असं कुणीतरी सांगितलं. ‘कोण, जंगूच ना?’ असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. ते अक्षरशः धावत तळ्यावर गेले आणि मागून कमरजहाँ बुरखा सावरत. पाण्यात गुडघाभर उभा राहून जाळं झटकणाऱ्या माणसाचा डावा गाल आत गेलेला होता आणि हनुवटी एका बाजूला ओढली होती. त्याने वळून पाहिलं.

‘‘जोहार साहेब!’’ जंगू ओरडला. शब्द थोडे घसरत होते, पण आवाज खणखणीत होता.

‘‘अरे, तू आलाच नाईस पुन्हा!’’

‘‘काऊन येऊ? दुखत तं काई नाई.’’

जंगू मऊ भात आणि आंबील खात होता, कडक काही चावता येत नव्हतं. लहान पोरं आधी त्याच्या चेहऱ्याला भ्यायची, आता भीत नाहीत, असं त्यानेच हसत सांगितलं. ताबिश यांनी तळ्याच्या काठावर बसवून त्याचा गळा, गाल, जीभ तपासली. कुठेही काही नव्हतं. कमरजहाँ मात्र त्याच्या आत गेलेल्या गालाकडे टक लावून पाहत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जंगूच्या ते लक्षात आलं असावं. त्याने तिला जाळ्यातले दोन मासे पानात बांधून दिले.

बल्लारपूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. ‘‘नागपूरले काय सांगाल?’’ तिने वाटेत विचारलं. ‘‘आज जे पाह्यलं ते,’’ ताबिश म्हणाले, ‘‘अन् राह्यलेल्या घरी जाऊन आल्यावर जे कळन ते.’’ तेवढ्यात पुढे रस्त्यावर वरात दिसू लागली.

नगीना बँड रंगात आला होता. लाल कोट घातलेले वाजंत्री, नवरदेवाचे दोस्त घामाने निथळत नाचत होते आणि सगळ्यांच्या पुढे रफीक, मान मागे टाकून, ट्रंपेट आभाळाकडे करून. त्याने डॉक्टरांची गाडी ओळखली. बायको हसत नाहीये हे एवढ्या लांबून त्याला दिसलं नसावं. त्याला वाटलं, खुशखबर आली. त्याने चालू चाल सोडून एक लांब, चढत जाणारी तान डॉक्टरांच्या नावाने अशी काही मारली की नाचणारी पोरं ओरडू लागली.

‘‘तुमी सांगा,’’ कमरजहाँ म्हणाली. ‘‘आकडा तुमचा होता.’’

ताबिश उतरले. रफीक बँडला हाताने चालू ठेवायला सांगून बाजूला आला, रुमालाने तोंड पुसत. ‘‘काय साहेब, पाह्यले का तुमचे पैलवान?’’

‘‘रफीकभाई, मी तुम्हाले सांगितलेला आकडा खोटा होता.’’

रफीकने आधी बायकोकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

‘‘मले खोटं बोलायचं नव्हतं,’’ ताबिश म्हणाले. ‘‘पण मीच ऑपरेशन करायचो अन् मीच फोन करून इच्यारायचो. माझ्या तोंडावर कोण सांगन का साहेब, तुमचं ऑपरेशन फसलं? तुमच्यासारखी हिरडीले लागलेली गाठ अन् जबडा वाचवलेला, असे आज जेवढे शोधले, त्यातले जवळजवळ सगळे गेले, नाईतं जायच्या वाटेवर हायेत.’’

‘‘अन् जबडा काढलेले?’’

‘‘एकच पाह्यला. तो मासे धरून राह्यला होता. बाकीच्यांचं मले माहीत नाई. नव्वद म्हणून सांगणार नाई. पण तुम्ही माझे सख्खे भाऊ असते तरी मी आता जबडा काढा म्हणूनच सांगितलं असतं.’’

‘‘मग हे?’’ रफीकने ट्रंपेट जरासं वर केलं.

‘‘बहुतेक नाई वाजवता येणार.’’

मागे बँड एकाच चालीवर घुटमळत होता. नवरदेवाचा मामा ओरडला, ‘‘मास्तर, थांबले काऊन? मंडप दूर हाय अजून!’’ रफीकने ते ऐकलंच नाही. तो कमरजहाँच्या जवळ गेला. ‘‘तू पाह्यला त्याले? मासेवाल्याले?’’

‘‘पाह्यला.’’

‘‘कसा दिसते?’’

‘‘एक गाल आत गेला हाय. बोलताना थोडा अडकते.’’ कमरजहाँने स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. ‘‘हसते मात्र खूप. मासे देल्ले त्यानं.’’

रफीकने बोटाने ट्रंपेटची तिन्ही बटणं एकेकदा दाबून पाहिली.

‘‘काढून टाका,’’ तो डॉक्टरांना म्हणाला. ‘‘उद्याच काढा. पण एक गोष्ट, साहेब. रफीक जगला का मेला, बरा झाला का नाई, हे तुमी नाई लिहायचं. फोन तुमी नाई लावायचा. कमरजहाँ सांगन ते लिहायचं.’’

‘‘कबूल,’’ ताबिश म्हणाले.

‘‘मंडपापर्यंत पोचवतो यांना. मग येतो.’’

तो पुढे गेला, बँडला इशारा केला आणि ट्रंपेट ओठाला लावलं. वरात हलली. डॉक्टर ताबिश गाडी तिथेच सोडून वाजंत्र्यांच्या मागे पायी चालू लागले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर गुलाबपाणी उडवलं, कुणीतरी नाचायला ओढलं. रफीक त्या दिवशी असा वाजवत होता की दुकानांतून माणसं बाहेर आली. कमरजहाँ नाचणाऱ्यांकडे पाहत नव्हती. ती त्याच्याशेजारून चालत त्याचे दोन्ही फुगलेले गाल पाहत होती. मंडप आला, नवरदेव घोड्यावरून उतरला, मामाने आता पुरे म्हणून हात केला, तरी रफीक थांबला नाही आणि तिनेही त्याला थांब म्हटलं नाही.